मधले जंगल आणि कोळसुंद्यांचा संघ

एका मध्यम आकाराच्या जंगलात एक गवा राहत असे. मध्यम म्हणजे केवढे, असे तुम्ही विचारणारच. तर असे समजा, की वाघ शिंकत शिंकत या टोकाने आत शिरला, तर शिंक पुरी होईपर्यंत त्या टोकाने बाहेर पडलेला असे. उगवतीला एक अफाट जंगल, मावळतीला दुसरे अफाट जंगल आणि दोघांच्या मधोमध हे. त्याला नाव होते, पण ते कोणी घेत नसे. सगळे आपले "ते मधलं" म्हणत.

गवा या जंगलाचा कारभारी होता आणि कोणी नाव घेत नाही, हे त्याला फार लागत असे. एकदा एक करकोचा उडून उडून थकला आणि इथल्या तळ्यावर उतरला. गव्याने लगबगीने जाऊन त्याचे स्वागत केले आणि आपल्या जंगलाचे नाव सांगायला तोंड उघडले. करकोचा म्हणाला, "राहू द्या हो, मी नुसता पाय मोकळे करायला थांबलोय." आणि नाव पुरते ऐकायच्या आतच तो उडाला. त्या दिवशी गव्याने चारा खाल्ला नाही. म्हणजे खाल्ला, पण चव घेऊन खाल्ला नाही. आपल्या जंगलाचे नाव चार जंगलांत व्हावे, एवढेच त्याच्या मनात घोळत राहिले.

आता या जंगलाचे वेड सांगतो. दिवस कलला, की झाडून सगळे तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत हुतूतू खेळायला जमत. हुतूतू तुम्हाला ठाऊकच आहे. एका दमात "हुतूतूतू" म्हणत मधली रेघ ओलांडायची, पलीकडच्या गड्यांना शिवायचे आणि दम तुटायच्या आत परत यायचे. दम तुटला, की बाद. सगळीकडे हा खेळ असाच खेळतात, पण मधल्या जंगलात त्याला एक भलतीच रीत होती. चढाई करणाऱ्याचा दम सरत आला, की मैदानाबाहेरच्या कोणीही तो उचलायचा. त्याने सोडलेले "हुतूतू" यांनी बाहेरून पुढे चालवायचे, तो परत येईपर्यंत. याला ते "दम उसना देणे" म्हणत.

मग कोणी बाद तरी कसे होई? तर हसून! चढाईवाल्याला धरून ठेवणारे गडी एकीकडे त्याच्या पायांना लोंबकळत आणि दुसरीकडे दम देणाऱ्यांना हसवत. वानरे तोंडे वेडीवाकडी करत, मुंगूस स्वतःच्या शेपटीला घाबरल्याचे सोंग आणी. बाहेरचा एक जण फिसकन हसला, की दुसरा हसे, की दम तुटलाच म्हणून समजा. एका सशाची चढाई तर एवढी लांबली, की तो पलीकडे गेला तेव्हा आंब्याला मोहोर होता आणि परत आला तेव्हा कैऱ्या लागल्या होत्या. खोटे वाटत असेल, तर सशाला विचारा.

गवाही खेळे. तो जड म्हणून त्याने फक्त शेपटीने शिवायचे, असा नियम होता. आपला दम जंगलात सर्वांत लांब आहे, अशी त्याची खात्री होती. "मी अजून एकदाही दम तुटून बाद झालेलो नाही," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. साळूमावशी म्हणून एक म्हातारी साळिंदरीण होती. ती हे ऐकून नुसती काटे खुळखुळवी.

तर एके दिवशी एक कोल्हा मधल्या जंगलात आला. अंगाने सडपातळ, बोलण्यात गोड. तो म्हणाला, "कारभारी, कोळसुंद्यांच्या संघाचं नाव ऐकलंय ना?"

ऐकले नाही असा प्राणीच नव्हता. कोळसुंदे म्हणजे ती तांबडी रानकुत्री. त्यांच्यासारखा हुतूतू पृथ्वीच्या पाठीवर कोणी खेळत नसे. ते खेळायला उतरले, की दूरदूरच्या जंगलांतून प्राणी बघायला जात. कोल्हा त्या संघाचा व्यवस्थापक होता.

"आमच्या जुन्या जंगलाच्या राजाने मैदानावर वामकुक्षी घ्यायला सुरुवात केली," कोल्हा म्हणाला. "मधल्या रेघेवरच डोकं ठेवतो. त्याला उठवणार कोण? म्हणून संघ नवं घर शोधतोय. मोठ्या जंगलांना स्वतःचे संघ आहेत. मला वाटलं, तुमच्याकडे विचारावं. उद्यापासून सगळे म्हणतील, कोळसुंद्यांचं जंगल कुठलं? तर हे!"

गव्याच्या अंगावर काटा आला. साळूमावशीच्या अंगावर तो आधीच होता.

एका सशाने मागून भीत भीत विचारले, "कोळसुंदे म्हणजे तेच ना, जे आम्हाला..."

"मोसम चालू असताना प्रेक्षकांना तोंड लावायचं नाही, असा संघाचा कडक नियम आहे," कोल्हा म्हणाला.

"आणि मोसम संपल्यावर?"

"मोसम संपला, की संघ दौऱ्यावर जातो."

सशाचे समाधान झाले. त्या जंगलातल्या सशांचे समाधान फार लवकर होई.

कोल्ह्याच्या अटी सोप्या होत्या. सपाट मैदान हवे, जवळ पाणी हवे, भोवती बसायला उतरंडीच्या जागा हव्यात. "आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक हवेत," तो म्हणाला. "बसणारे, बघणारे आणि टाळ्या वाजवणारे. लवकरच एक चाचणी सामना ठेवू. उगवतीचे लांडगे येतील. सगळं नीट झालं, तर संघ तुमचा."

मंडळी कामाला लागली. रानडुकरांनी मुसंड्या मारून जमीन उकरली, गव्याने ती तुडवून सपाट केली. तळ्याच्या उतारावर बसण्याच्या पायऱ्या झाल्या. पाणी तर होतेच. अडचण आली ती प्रेक्षकांची. मधल्या जंगलात आजवर कोणी नुसते बसून खेळ बघितलाच नव्हता. म्हणून गव्याने बसण्याची तालीम सुरू केली.

"बसा!" गवा ओरडे. सगळे बसत.

"हलू नका!" की लगेच वानरे हलत.

"कोणी दम द्यायचा नाही. आवाज काढायचा नाही. चांगली चढाई झाली, की टाळ्या. फक्त टाळ्या!"

"आम्हाला हात नाहीत," बेडूक म्हणाले.

"मग गाल फुगवा!"

साळूमावशीच्या शेजारी बसायला कोणी तयार होईना. तिच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा सोडाव्या लागल्या. ती म्हणाली, "अरे, मला बसायला कशाला लावतोस? मला खेळायला लाव. मला धरायची कोणाची छाती आहे?"

"मावशी, आपल्याला खेळायचं नाहीये. आपल्याला बघायचं आहे."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"आणि खेळायचं कधी?"

गवा म्हणाला, "ते नंतर बघू." हे "नंतर बघू" म्हणजे काय, ते त्यालाही नीट ठाऊक नव्हते. पण करकोचाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, की त्याला एवढे उत्तर पुरत असे.

चाचणी सामन्याचा दिवस उजाडला. पायऱ्या गच्च भरल्या. कोळसुंदे मैदानात उतरले आणि सगळ्यांचे श्वास अडकले. काय त्यांची चाल! सगळे मिळून जणू एकच जनावर, फक्त पाय जास्त. पंच म्हणून टिटवी होती, कारण तिला शिट्टी लागत नसे. लांडगेही काही कमी नव्हते. सामना रंगला. प्रेक्षक शहाण्यासारखे बसले होते. टाळ्या पडत होत्या, गाल फुगत होते. कोल्हा समाधानाने मिशा कुरवाळत होता आणि गवा त्याच्याकडे चोरून बघत होता.

शेवटची चढाई उरली. गुण सारखे होते. कोळसुंद्यांचा कर्णधार, एक भुरकट तोंडाचा मुरलेला खेळाडू, पलीकडे गेला. त्याने दोन लांडगे टिपले आणि वळला. तोच तिसऱ्या लांडग्याने त्याचा मागचा पाय धरला. कर्णधार ओढत राहिला. मधली रेघ नाकासमोर होती. त्याचा दम बारीक बारीक होत चालला. हुतूतू... हुतू... हु...

आणि पायऱ्यांवरून कोणीतरी तो उचलला.

कोणी उचलला, हे पुढे पुष्कळ दिवस कोणी कबूल करेना. पण दुसऱ्या क्षणी वानरे म्हणत होती, ससे म्हणत होते, रानडुकरे म्हणत होती. सारा उतार "हुतूतूतूतू" करून घुमू लागला. आणि सगळ्यांत मोठा, घुमट भरल्यासारखा आवाज कोणाचा होता? गव्याचा! तो उभा राहून, मान ताणून दम देत होता आणि आपण काय करतो आहोत याचा त्याला पत्ताच नव्हता. कर्णधाराने रेघ ओलांडली. मंडळींनी एकमेकांना मिठ्या मारल्या. साळूमावशीलाही एकाने मारली. त्याची हकिगत वेगळी आहे.

"बाद! बाद! बाद!" टिटवी किंचाळली. "चढाई एकाची आणि दम दहा जणांचा? हा कुठला हुतूतू?"

"आमचा," एक ससा हळूच म्हणाला.

लांडगे जिंकले आणि शेपट्या उडवत गेले. जाता जाता एक लांडगा म्हणाला, "आम्ही खेळायला आलो होतो की कीर्तनाला?"

गवा मान खाली घालून उभा होता. कर्णधार धापा टाकत त्याच्याजवळ आला. त्याने विचारले, "इथे रोज असंच असतं?"

"छे छे!" गवा घाईघाईने म्हणाला. "चूक झाली. पुन्हा होणार नाही."

"असं होय," कर्णधार म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

मग कोल्हा आला. गव्याला वाटले, आता संपलेच सारे. पण कोल्हा हसत होता.

"जागा सुरेख आहे, पाणी आहे आणि गर्दी तर मी अशी कुठेच पाहिली नाही," तो म्हणाला. "संघ द्यायला मी तयार आहे, गवेसाहेब. एकच करा. ही दम द्यायची रीत बंद. नुसती सामन्यात नाही, तुमच्या रोजच्या खेळातही. जिभेला वळण लागलं, की ती ऐन वेळी आवरत नाही, हे आज पाहिलंच. आजपासून नियमाने खेळा. मी सकाळपर्यंत थांबतो. हो म्हणालात, तर संघ तुमचा."

गव्याने आनंदाने मान उडवली. त्याने तिथल्या तिथे सर्वांना सांगितले, "ऐकलंत ना? आजपासून दम देणं बंद. जो तो आपल्या दमावर खेळेल."

सर्वांनी माना डोलावल्या. कारभाऱ्यावर त्यांचा लोभ होता. त्याला करकोचाचे किती लागले होते, हेही सर्वांना माहीत होते.

दिवस कलला. मंडळी नेहमीप्रमाणे जमली. खेळणारे मैदानात गेले, बाकीचे पायऱ्यांवर बसले. पहिली चढाई सशाची. हुतूतू, हुतू, संपला. बाद. मग मुंगूस गेले. बाद. मग भेकर. तेही बाद. कोणाला हसवायचे कारणच नव्हते, म्हणून वानरे हातावर हात ठेवून बसली होती. खेळ भराभर पुढे सरकत होता, गूळ संपलेल्या घरातल्या मुंग्यांसारखा.

"थांबा," गवा म्हणाला. "मी दाखवतो तुम्हाला, आपल्या दमावर कसं खेळतात ते."

त्याने छाती भरून श्वास घेतला. एवढा मोठा, की तळ्यावरच्या कमळांची पाने त्याच्या दिशेने वळली. "हुतूतूतू" करत तो निघाला. पाय दणदण वाजू लागले. त्याने मधली रेघ ओलांडली. एका भेकराला शेपटी लावायला म्हणून तो वळला आणि त्याला जाणवले, की छातीत काही उरलेले नाही. त्याचे "हुतू" बारीक झाले. तो क्षणभर थांबला. आता आवाज येईल, असे त्याला वाटले. रोज याच जागी तो घुमू लागे. इतके दिवस तो आपलाच आवाज आहे, असे तो धरून चालला होता.

आवाज आला नाही.

सारा उतार गप्प बसून त्याच्याकडे बघत होता. किती जणांचे ओठ हलत होते! पण कारभाऱ्याची आज्ञा होती. गव्याचे तोंड उघडे होते आणि त्यातून नुसती वाफ निघत होती. मग, तालमीत शिकवल्याप्रमाणे, सर्वांनी टाळ्या वाजवल्या. बेडकांनी गाल फुगवले.

गवा तसाच उभा राहिला. त्याला धरायलाही कोणी आले नाही. धरायची गरजच नव्हती.

"छान हं," साळूमावशी उठत म्हणाली. "चला, झाला खेळ. घरी जाऊ या."

अजून लख्ख ऊन होते. आजवर कधी इतक्या उजेडात ही मंडळी घरी गेली नव्हती. एकेक जण उठला आणि आपापल्या वाटेने गेला.

गवा साळूमावशीच्या मागोमाग गेला. "मावशी, खरं सांग. माझा दम एवढाच आहे?"

"एवढाच," मावशी म्हणाली. "पहिल्यापासून."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगून काय करायचं होतं? पुरत होता की!"

गव्याने ते ऐकले आणि तो एकदम हसायला लागला. एवढा हसला, की जांभळीवरचे पोपट उडाले. "मी जगाला सांगत सुटलो होतो गं!"

"आम्ही ऐकतच होतो की. तीच तर मजा होती."

सकाळी कोल्हा आला. गवा म्हणाला, "संघ नको."

कोल्ह्याला वाटले आपण चुकीचे ऐकले. "नको? अहो, सगळी जंगलं तुमचं नाव घेतील!"

"घेतली असती तर फार आवडलं असतं," गवा म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण हे सगळे गप्प बसणार, म्हणजे नाव घेतलं जाणार ते नुसत्या जागेचं. इथे आम्ही राहतो, हे कोणाला कळणार? मला आमचा खेळ घालवून तुमचा नकोय. रागावू नका. पाणी पिऊन जा."

कोल्हा रागावला नाही. त्याला रागवायला वेळच नव्हता. पाणी पिऊन तो तडक पठारावरच्या जंगलात गेला. पठारावरचे प्राणी मुळातच शांत. त्यांना बसायला मनापासून आवडे. सांबरे तर बसण्यात पटाईत होती. संघ तिकडे गेला आणि ज्याचे त्याचे छान चालू लागले. इकडे मधल्या जंगलात त्याच दिवशी तळ्याकाठी असा गलका झाला, की म्हणे ढगांनी वाट बदलली. नवे सपाट मैदान सगळ्यांना फार आवडले. पायऱ्यांवर मात्र कोणी बसेना. त्यांच्यावरून घसरायला बरे वाटे.

पुढे मोसम सुरू झाला, तेव्हा गवा साळूमावशीला घेऊन पठारावर सामना बघायला गेला. तिथल्या थोरल्या सांबराने त्यांना मानाने पहिल्या पायरीवर बसवले. मावशीच्या दोन्ही बाजूंची जागा आपोआप मोकळी झाली. कोळसुंदे जीव ओतून खेळले. गव्याने मान डोलावून डोलावून दाद दिली. भुरकट तोंडाचा कर्णधार चढाईवर असताना त्याचा दम सरत आला, तेव्हा गव्याने पटकन गवताचा मोठा बोकणा तोंडात कोंबला आणि डोळे मिटून घेतले. पाहुण्याने यजमानाच्या घरी नीट वागावे, म्हणून.

सामना संपल्यावर सांबर म्हणाले, "गवेराव, एक विचारू? हा संघ तुमच्याकडे यायचा होता. वाईट नाही वाटत?"

"थोडं वाटतं," गवा गवत गिळून म्हणाला. "खेळतात फार देखणं."

"मग?"

"मग काय, तुमच्याकडे यायला एका सकाळची तर वाट आहे. मी पुन्हा येईन, घरची सगळी मंडळी घेऊन येईन. आता मात्र निघतो. आज माझी चढाई आहे."

"आणि याला पोचवायला हवंच," साळूमावशी काटे आवरत उठली. "तिकडे सगळे छाती भरून बसले असतील."

तात्पर्य : मोठा पाहुणा घरी यावा म्हणून घरच्यांनाच गप्प बसावे लागत असेल, तर त्याला भेटायला खुशाल त्याच्या गावी जावे आणि दिवस मावळायच्या आत आपल्या माणसांत परत यावे.